सायकलीचे सुटे भाग आणि तुमची फूटपट्टी



आमच्या महाविद्यालयात अकरावीच्या भौतिकशास्त्राचे प्रात्यक्षिक सकाळी साडेसातला सुरू होते. मागील वर्षी मिटमिट्याहून येणारी एक विद्यार्थिनी ओळीने तीन प्रात्यक्षिकांना गैरहजर राहिली. चौथ्या खेपेला आली ती पाऊण तास उशिरा, धापा टाकीत. विचारले तेव्हा म्हणाली, "सर, सायकल बंद आहे. चेन तुटली. तशी चेन मिळत नाही, पूर्ण सेट बदलावा लागेल असं दुकानात सांगितलं." पूर्ण सेटची किंमत ऐकून वडिलांनी सायकल घराच्या भिंतीला टेकवून ठेवली होती.

हे बोलताना तिच्या हातात व्हर्निअर कॅलिपर होते आणि ती पितळेची वृत्तचिती मोजत होती. ही वृत्तचिती आम्ही वर्षानुवर्षे मोजत आलो आहोत. तिचा व्यास प्रयोगशाळेतल्या साहाय्यकालासुद्धा पाठ आहे. जे मोजून कोणाचेही काही अडत नाही ते आम्ही तिच्याकडून मोजून घेत होतो, आणि जे न मोजल्यामुळे तिचे शिक्षण अडले होते ते घरी भिंतीला टेकून उभे होते. मला, खरे सांगायचे तर, थोडी लाज वाटली.

शनिवारी तिने सायकल हाताने ढकलत शहरात आणली आणि आम्ही दोघे कॅलिपर घेऊन माझ्या ओळखीच्या एका जुन्या सायकल-मिस्त्रीकडे गेलो. सायकल सात गिअरची, कोणाची तरी वापरलेली विकत घेतलेली. मध्यंतरी शेजाऱ्याने साध्या सायकलीची चेन तिला बसवून पाहिली होती. ती दातांवर बसली, पण चालवताना अडकू लागली. मिस्त्रीच्या दुकानात गिअरची एक नवी चेन होती, परंतु खोक्यावर आठचा आकडा. ते म्हणाले, "सर, ये आठवाली है. बच्ची की गाडी सातवाली. कैसे बैठेगी?"

मी म्हटले, "चाचा, मोजून पाहू." तुटलेली चेन आणि नवी चेन, दोन्हींची पिनेवरची पूर्ण रुंदी मोजली. दोन्ही 7 मिलिमीटरच्या थोड्या वर; फरक इतका लहान की नजरेत भरू नये. चेन बसली, सायकल चालली आणि खर्च काही शे रुपयांत भागला. सहा, सात आणि आठ गिअरच्या सायकलींना एकाच रुंदीची चेन चालते, ही गोष्ट त्या खोक्यावर कुठेही छापलेली नव्हती. चाचांचा यात काही दोष नाही. त्यांनी आकडा वाचला आणि आकड्यावर विश्वास ठेवला. आपणही परीक्षेत तेच करतो.

आता प्रश्न असा की, एका सायकलीचा भाग दुसरीला बसेल की नाही, हे कशावरून ठरते? रंगावरून नाही, कंपनीच्या नावावरूनही नाही. ते ठरते चार-पाच मापांवरून, आणि ती सगळी मापे तुमच्या कंपासपेटीत बसणाऱ्या साधनांनी घेता येतात.

पहिले माप चेनचे. चेनमधील एका पिनेच्या मध्यापासून लगतच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर, म्हणजे पिच. सायकल कोणतीही घ्या: आजोबांची काळी उभ्या दांड्याची, धाकट्या भावाची लहान चाकाची किंवा शर्यतीची परदेशी. हे अंतर सर्वत्र अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. आज आपण वापरतो तशा बुश आणि रोलर असलेल्या साखळीचा शोध हान्स रेनॉल्ड यांनी इंग्लंडमध्ये 1880 साली लावला. 1885 साली स्टार्लीची 'रोव्हर' सायकल आली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि साखळीची ओढ मागच्या चाकाला होती. सुरुवातीच्या काळात एक इंच पिचच्या साखळ्याही होत्या. पुढे अर्धा इंच हे माप स्थिर झाले आणि ते आजतागायत टिकले.

ते बदलण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. जपानच्या शिमानो कंपनीने 1970 च्या दशकात 10 मिलिमीटर पिचची साखळी आणि तिच्यासाठी बारीक दातांची चक्रे काढली. ती वजनाला हलकी होती, कारागिरी उत्तम होती. तरी ती टिकली नाही. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही चक्रावर ती बसत नसेल, तर गावोगाव तिचे सुटे भाग कोण ठेवणार? भाग चांगला असणे आणि भाग मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सायकलीच्या बाबतीत दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, असे माझे मत आहे.

पिच सारखे असून शेजाऱ्याची चेन का अडकली? कारण दुसरे माप, रुंदी. साध्या सायकलीच्या चेनची आतली रुंदी एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे 3.2 मिलिमीटर असते. गिअरच्या चेनची आतली रुंदी तीन बत्तिसांश इंच, म्हणजे सुमारे 2.4 मिलिमीटर. रुंद चेन पातळ दातांवर बसते. अरुंद चेन जाड दातांवर बसतच नाही. एकच चक्र असलेल्या सायकलीला रुंद चेन चालून जाते. पण गिअरच्या सायकलीत मागे सात चक्रे एकमेकांना खेटून असतात. सात चक्रांच्या संचात दोन लगतच्या चक्रांच्या मध्यांमधले अंतर 5 मिलिमीटर, आठात 4.8, नवात 4.35 आणि दहात 3.95. चक्रे वाढली तशी त्यांच्यामधली जागा कमी झाली आणि चेन बाहेरून बारीक करावी लागली. रुंद चेन अशा संचात घातली की ती शेजारच्या चक्राला घासते. शेजाऱ्याची चेन नेमकी तिथे अडकत होती.

याच आकड्यांतून एक मौजेचा हिशेब निघतो. गिअर बदलणारा खटका प्रत्येक टकटक आवाजाला ठरावीक लांबीची तार ओढतो आणि मागची यंत्रणा, जिला डिरेलर म्हणतात, त्या ओढीच्या काही पट बाजूला सरकते. शिमानोच्या जुन्या पद्धतीत हे गुणोत्तर सुमारे 1.7 आहे. सात गिअरचा खटका एका टकटकीला साधारण 2.9 मिलिमीटर तार ओढतो. गुणाकार करा: 4.93, म्हणजे जवळजवळ 5 मिलिमीटर. चक्रांमधले अंतरही तेवढेच. हिशेब जुळला, चेन नेमकी पुढच्या चक्रावर गेली.

आता कोणी हौसेने नऊ गिअरचा खटका सात चक्रांच्या सायकलीला लावला असे समजा. प्रत्येक पायरीला चेन 4.35 मिलिमीटरच सरकणार; 0.65 मिलिमीटर कमी. एका पायरीला हे जाणवतही नाही. सहा पायऱ्यांनंतर मात्र तूट 3.9 मिलिमीटर होते, म्हणजे बरेचसे एक अख्खे चक्र! ही गोष्ट ओळखीची वाटते ना? व्हर्निअरच्या पट्टीवर नेमके हेच घडते. दोन पट्ट्यांच्या भागांत अगदी थोडा फरक असतो आणि तो साठत साठत वाचण्याजोगा होतो. तिथे आपण त्या फरकाचा उपयोग करून घेतो. इथे तोच फरक घाटात दगा देतो. वेगळ्या कंपनीचा डिरेलर लावला तर आणखी गोंधळ. स्रॅम कंपनीच्या एका पद्धतीत ते गुणोत्तर 1.1 च्या आसपास आहे, त्यामुळे एकाचा खटका आणि दुसऱ्याचा डिरेलर ही जोडी सहसा जमत नाही. पूर्वीच्या गिअरच्या सायकलींना पायऱ्या नसलेली, नुसती घासून अडणारी दांडी असे. शिमानोने 1984 साली ठरावीक पायऱ्यांचा खटका लोकप्रिय केला, तोपर्यंत सायकलस्वार ती दांडी अंदाजाने सरकवी. त्या दांडीला कोणतीही चक्रे चालत, कारण मोजमाप सायकलस्वाराच्या कानात आणि बोटांत होते. सोय वाढली आणि मेळ घटला. मी सोयीच्या विरुद्ध नाही, पण तिची ही किंमत विकत घेताना ठाऊक असावी.

तिसरे माप आट्यांचे. साध्या सायकलीचे मागचे फ्रीव्हील हबवर आट्यांनी फिरवून बसवतात. त्या आट्यांचा व्यास 1.37 इंच आणि एका इंचात 24 आटे. हे माप इंग्लंडमधून आले. सहा किंवा सात चक्रांची जी फ्रीव्हील आट्यांवर बसतात, त्यांचेही माप हेच! म्हणजे एकाच हबवर एक दंतचक्र किंवा सात दंतचक्रे, काहीही चढू शकते. फक्त चौकटीच्या मागच्या दोन कानांमध्ये तेवढी जागा हवी. गिअरच्या सायकलीत ही जागा बहुधा 126 ते 135 मिलिमीटर असते, साध्या सायकलीत बरीच कमी. शंभराहून अधिक वर्षांच्या अंतराने बनलेल्या दोन वस्तू एकमेकींत फिरून घट्ट बसतात, याचे मला अजून नवल वाटते. आट्यांची मापे सर्वत्र सारखी असावीत हा विचार जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने 1841 साली मांडला. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत आणि एकीकडचा नट दुसरीकडच्या बोल्टला बसत नसे.

पेडलच्या आट्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण लहानपणी मी स्वतःच तिथे फसलो आहे. डावे पेडल उजव्या क्रँकमध्ये मोठा पाना लावून, सर्व ताकद पणाला लावून फिरवले. ते फिरलेही. क्रँकचे आटे गेले आणि वडिलांचा मार मिळाला. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे, घड्याळाच्या दिशेने घट्ट होणारे, डाव्याचे उलटे. बहुतेक सायकलींत व्यास 9/16 इंच आणि इंचाला 20 आटे. लहान मुलांच्या एकसंध क्रँकच्या सायकलींत मात्र व्यास अर्धा इंच असतो.

डावे उलटे कशासाठी? पटकन सुचणारे उत्तर असे की, पेडल फिरते तेव्हा बेअरिंगचे घर्षण आसाला आपल्याबरोबर फिरवू पाहते आणि त्यामुळे तो सैल होईल, म्हणून उलटे आटे. नीट विचार करा. सायकलीच्या उजव्या बाजूने पाहिले तर क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरते. क्रँकच्या दृष्टीने पेडल उलट दिशेने फिरते. घर्षण आसाला त्या उलट दिशेला ओढील, म्हणजे नेहमीचे आटे सैल होतील! मग उजवीकडे नेहमीचे आटे का बरे ठेवले?

एक प्रयोग करा. डाव्या हाताची मूठ सैल वळवून तिच्यात पेन्सिल उभी धरा. उजव्या हाताच्या बोटाने पेन्सिलीचे वरचे टोक गोल गोल, घड्याळाच्या दिशेने ढकला. पेन्सिलीवर आधी एक खूण करून ठेवा. पेन्सिल मुठीच्या आतल्या बाजूवर लोळत जाते आणि स्वतःभोवती उलट दिशेने फिरते. पेडलचा आस क्रँकच्या छिद्रात असाच अगदी किंचित लोळतो, कारण तुमच्या पायाचा दाब क्रँकच्या दृष्टीने सतत दिशा बदलत असतो. हे लोळणे बेअरिंगच्या घर्षणापेक्षा प्रबळ ठरते आणि आसाला घट्ट करण्याच्या दिशेला फिरवते. पटकन सुचलेले उत्तर चुकीचे आणि सायकल बरोबर, असे भौतिकशास्त्रात पुष्कळदा होते.

आता फूटपट्टी काढा. जिच्यावर एका कडेला बारा इंच आहेत ती. बारा इंच म्हणजे अर्ध्या इंचाच्या पिचचे बरोबर 24 टप्पे. सायकल उभी करून चेनचा खालचा किंवा वरचा भाग ताठ करा, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा (ती पिन मोजायची नाही) आणि पुढची चोविसावी पिन पाहा. नवी चेन असेल तर ती नेमकी बारा इंचांवर येईल. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलण्याची वेळ आली. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर बहुधा चक्रांचे दातही बिघडलेले असतील.

चेन ताणली जाते असे आपण म्हणतो. पोलाद काही ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात. एक सोळांश इंचाला 24 ने भागा: प्रत्येक सांध्यात झीज अवघी 0.07 मिलिमीटरच्या आसपास, वहीच्या कागदापेक्षाही कमी. परंतु पिच वाढल्यावर चेन सर्व दातांवर सारखी टेकत नाही. आधी जो भार चार-सहा दातांनी वाटून घेतला होता तो एक-दोन दातांवर येतो. ते झिजून आकड्यासारखे वाकडे होतात. मग अशा दातांवर नवी कोरी चेन घातली की ती पायाचा जोर लागताच दातांवरून उड्या मारते. गिऱ्हाईक म्हणते चेन खराब, दुकानदार म्हणतो चक्र दुसऱ्या मापाचे. दोघांचेही चुकते. माप बरोबर असते, वय जुळत नाही. महिन्यातून एकदा फूटपट्टी लावली असती तर चेन वेळेवर बदलून चक्रे वाचली असती.

दातांच्या संख्येबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हा भाग तुमच्या पुस्तकात आहेच. पुढे 44 दात, मागे 18, आणि मोठ्या चाकाचा परीघ सुमारे 2.2 मीटर असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ 5.4 मीटर जाते. मागे 22 दातांचे फ्रीव्हील बसवले तर 4.4 मीटर. अंतर घटले, पण पायाला लागणारा जोरही जवळजवळ एक पंचमांशाने घटला. दौलताबादहून खुलताबादकडे जाणारा घाट ज्यांनी साध्या सायकलीवर चढला आहे त्यांना याचे मोल सांगायला नको. आटे तेच असल्यामुळे हा बदल कोणताही मिस्त्री करू शकतो. फक्त चार दात वाढले की चेनही साधारण दोन पिचने लांब करावी लागते, एवढे लक्षात ठेवा.

हे सगळे इतके सोपे आहे, कारण आपल्या साध्या सायकलीची मापे कोणा एकाच्या मालकीची नाहीत. मुंबईत वरळीला एकेकाळी हिंद सायकल्सचा कारखाना होता, तो गेला. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 मध्ये बंद पडला. तरी त्या सायकली रस्त्यावर आहेत, कारण त्यांचे फ्रीव्हील, चेन, कॉटर पिन, छर्रे दुसऱ्या कोणीही बनवलेले चालतात. लुधियानात लहान लहान कारखाने आहेत. कोणी फक्त पेडल बनवतो, कोणी फक्त हब. एकाने दुसऱ्याचे तोंड पाहिले नसेल, तरी त्यांचे भाग एकाच सायकलीत येऊन बसतात. आपल्या वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे पालक काम करतात त्यांनी घरी 'गो-नोगो गेज' म्हणजे काय ते विचारावे. गेजची एक बाजू भागात गेली पाहिजे आणि दुसरी जाता कामा नये. एवढ्यावर भाग पास की नापास ते ठरते.

याउलट, 'गिअरवाली' म्हणून आज जी सायकल हौसेने घेतली जाते, तिच्यावर तिची मापे क्वचितच लिहिलेली असतात. चौकटीवर मोठ्या अक्षरांत रंगीत नावे असतात, चेनची रुंदी नसते. माझे म्हणणे असे की, प्रत्येक सायकलीबरोबर एक छापील चिठ्ठी असलीच पाहिजे: चेनची रुंदी, मागच्या चक्रांची संख्या, ती आट्यांवर बसतात की खाचांवर, पेडलचे आटे, मागच्या कानांतले अंतर. पाच ओळी. औषधाच्या बाटलीवर याहून जास्त मजकूर असतो. यावर कोणी म्हणेल, गिऱ्हाईक ते वाचत नाही. न वाचो, मिस्त्री वाचील.

आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळावी अशी योजना आहे. अशा सायकलीची निवड करताना रंग आणि गिअर यांच्याआधी एक प्रश्न विचारावा: हिची चेन आमच्या गावच्या आठवडी बाजारात मिळते का? मिळत नसेल तर ती सायकल एका पावसाळ्याची सोबतीण. मैदानी गावांत साधी एका चक्राची सायकल घ्यावी. चढ असेल आणि गिअर हवेतच, तर आट्यांवर बसणाऱ्या सात चक्रांपर्यंतची घ्यावी. त्यापुढची बारीक चेनची, दहा-अकरा चक्रांची सायकल उत्तम असते, पण ती शहरातल्या मोठ्या दुकानांच्या आसपास राहणाऱ्यांसाठी. माझे हे मत काही हौशी सायकलपटू मित्रांना पटत नाही. ते म्हणतात, मुलींनी कायम जुनेच का वापरायचे? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच मी जुन्याचा आग्रह धरत नाही, मिळण्याचा धरतो. उद्या दहा गिअरची चेन कन्नड-सोयगावच्या बाजारात टांगलेली दिसली तर मी माझे शब्द मागे घेईन.

शिक्षकांना एक विनंती. पितळेची वृत्तचिती जरूर मोजून घ्या, अभ्यासक्रमात आहे. पण त्याच तासाला शाळेच्या सायकल-स्टँडवरच्या दोन सायकली आत आणा. मिस्त्रीकडून टाकून दिलेल्या चेन आणि झिजलेली चक्रे मागून आणा. तो बहुधा फुकट देतो. चेनची आतली आणि बाहेरची रुंदी व्हर्निअरने, पिनेचा व्यास स्क्रू गेजने, झीज फूटपट्टीने मोजू द्या. अर्धा इंच आणि 12.7 मिलिमीटर या दोन्ही भाषा मुलांना याव्यात, कारण दुकानात आजही दोन्ही बोलल्या जातात. हात काळे होतील. त्यासाठी रॉकेल शोधू नका, कपडे धुण्याची पूड आणि थोडे खोबरेल तेल पुरते.

आम्ही या वर्षी हे सुरू केले आहे. त्या विद्यार्थिनीने (आता ती बारावीत आहे) स्टँडवरच्या 31 सायकलींच्या चेन फूटपट्टीने मोजल्या. त्यांतल्या नऊ एक सोळांश इंचाच्या पुढे गेलेल्या निघाल्या. त्यांपैकी एक माझी होती.